बॉनेटखालचे दाजी

मोटारीवर माझ्या दाजींइतका जीव टाकणारा आणि मोटारीत इतका कमी बसलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरच्या कोर्टात वकिली करायचे. मी तिथल्याच एका हायस्कुलात मास्तर होतो, एकटा होतो, आणि माझी दोन्ही वेळची जेवणं ताईकडेच होती. त्यामुळे हा माणूस मला रोज दोनदा बघायला मिळे, आणि रविवारी तर दिवसभर. छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना आपली काळी, चार दारांची जुनी गाडी विकून गेला, ती दाजींनी घेतली. आता गाडी घेतलेला माणूस काय करतो? चार गावं हिंडतो, चार नातेवाइकांना जळवतो, बायकोला देवदर्शनाला नेतो. दाजींनी गाडी घरी आणली, बॉनेट उघडलं, आत बघितलं, ‘अरेरे’ म्हणाले आणि कोट काढून आत वाकले. ते पुढची नऊ वर्षं वाकलेलेच होते म्हणा ना. आळीतल्या कित्येक लोकांना दाजींच्या तोंडापेक्षा त्यांची पाठच जास्त ओळखीची होती.

गंमत अशी की गाडीच्या बाहेरच्या अंगाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने बाराखडी गिरवावी इतकी धूळ असायची. पत्र्यावर ओरखडे होते, एका दाराला पोचा होता, मागच्या काचेवर चिमण्यांनी वाटेल ते केलेलं असायचं. त्याबद्दल कुणी काही बोललं तर दाजी म्हणत, ‘ते लोकांसाठी आहे. लोकांनी पुसावं.’ पण बॉनेटची ती दोन पाखं वर उचलली की आतलं इंजिन असं लखलखायचं की पहिल्यांदा बघणारा मागे सरकायचा. मी स्वतः त्यात बघून भांग पाडलेला आहे. दाजींना ते आवडलं नव्हतं; माझ्या केसांचं तेल आत पडेल अशी त्यांना भीती वाटली.

रविवारी सकाळी चहा झाला की दाजी अंगात जुना बिनबाह्यांचा सदरा आणि खाली छावणीच्या लिलावातली खाकी अर्धी चड्डी घालून गाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात. आधी तळहात इंजिनावर ठेवून ते थंड आहे याची खात्री करायची. गाडी महिनाभर जागची हललेली नसली तरी ही खात्री व्हायचीच. मग कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा, वायरींवर मेणकापड, बॅटरीवर पाट उपडा. एवढा बंदोबस्त झाला की घासलेटची वाटी आणि ब्रश. जिथे ब्रश जात नाही तिथे बाभळीचं चावून मऊ केलेलं दातण. ते दाजी स्वतः चावत, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी बोललं तर नुसतं ‘हं’ एवढंच उत्तर येई. जिथे दातणही जात नाही तिथे कोंबडीचं पीस. ही पिसं शेजारचे मेहबूबभाई पुरवायचे. मेहबूबभाई मोटारींचे मेस्त्री होते, सगळं शहर त्यांच्याकडे गाड्या न्यायचं, आणि त्या एकट्या माणसाला दाजींच्या इंजिनाला बोट लावायची परवानगी होती. तेसुद्धा हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन. आधी धुवायचे आणि काम झालं की पुन्हा धुवायचे, हा त्या घरचा कायदाच होता. दाजींची एकुलती एक मुलगी कुसुम गाडी आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, तेव्हापासून हा कायदा तिलाही लागू झाला, आणि ती पोर पुढे पुढे इतकी टापटिपीची झाली की शाईचा डाग बोटाला लागला तर वही मिटून आधी मोरीवर जायची.

लढाईच्या दिवसांत घासलेट मापून मिळायचं. त्यातलं निम्मं इंजिनाच्या अंगाला जायचं आणि उरलेल्यावर ताईने कंदील पेटवायचे. आमची ताई तशी गरीब स्वभावाची, पण एकदा देवघरातली पितळी समई आणि तांब्या घासायला म्हणून डब्यात चिंच बघते तर चिंचोकासुद्धा नाही. शेडमध्ये जाऊन बघितलं तर दाजी चिंच आणि राख घेऊन इंजिनाची तांब्याची नळी घासत बसलेले. ताई दारात उभी राहून म्हणाली, ‘देव काळे पडले तरी चालतील, तुमची नळी तेवढी चकचकीत राहू द्या.’ दाजींनी मान वर न करता तिला सांगितलं की देवाला आपण रोज बघतो, नळीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिच्याकडे जास्त बघितलं पाहिजे. या बोलण्यात काय अर्थ होता ते मला अजून कळलेलं नाही. ताईलाही नसावा कळला, कारण त्या दिवशी आमच्या आमटीत चिंच नव्हती आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

पण हा नुसता नाद होता असं समजू नका. दाजींची त्यामागे एक बैठक होती, आणि वकील असल्यामुळे ती ते मुद्देसूद मांडत. म्हणायचे, ‘मास्तर, घाणेरड्या इंजिनात दोष लपतो. कुठून तेल गळतंय, कुठला बोल्ट ढिला झालाय, काही पत्ता लागत नाही. स्वच्छ इंजिनावर तेलाचा एक थेंब आला तरी साक्षीदारासारखा उभा राहतो. स्वच्छ इंजिनाला खोटं बोलता येत नाही.’ हे त्यांचं तत्त्व कोर्टातही चालायचं, हीच अडचण होती. पक्षकार आला की दाजी आधी त्यालाच उलटतपासणीत घालत, आणि त्यात तो खोटा ठरला की वकीलपत्र घेत नसत. असले वकील किती चालणार! आळीतल्या दुसऱ्या वकिलांच्या ओट्यावर माणसं मावायची नाहीत, आमच्या ओट्यावर मांजर झोपलेलं असायचं.

माणसाची पारख करायची तर दाजी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावत. कुसुमला एक फार चांगलं स्थळ सांगून आलं होतं. राहुरीकडची मंडळी, घरची मोठी बागायत, मुलगा शिकलेला. पाहुणे स्वतःच्या मोटारीने आले, पोहे झाले, सुपारी फोडायच्या गोष्टी निघाल्या, आणि दाजी कुठे दिसेनात. बघतो तर पाहुण्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलेले. परत आले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि पाहुण्यांना नमस्कार करून म्हणाले की योग दिसत नाही. पाहुणे गेल्यावर ताई रडायला लागली. तेव्हा दाजींनी खुलासा केला की पंख्याच्या मागे तीन वर्षांची चिकटण साचलेली होती, आणि ज्या घरात तीन वर्षांत कुणाला आत बघावंसं वाटलं नाही तिथे आपल्या पोरीच्या मनात काय चाललंय हे कोण बघणार? ताईने आठ दिवस अबोला धरला. कुसुम मात्र आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन हसत होती, हे मी स्वतः पाहिलं. तिला पुढे शिकायचं होतं.

ताईच्या फार मिनतवारीनंतर एकदा दाजींनी गाडी शनिशिंगणापूरला काढली. रस्त्यात मेंढरांचा कळप लागला की गाडी थांबवायची, धूळ खाली बसू द्यायची, मग निघायचं. असं करत सकाळी निघालेलो आम्ही ऊन कलल्यावर पोचलो. गावातल्या घरांना दारं नाहीत हे बघून दाजी भलतेच खूश झाले. म्हणाले, ‘इथे माझ्या धंद्याचा माणूस उपाशी मरेल, फार चांगलं गाव आहे.’ इथवर ठीक होतं. पण आम्ही सावलीला बसलेले असताना ताईने देवाला वाहिलेल्या तेलातलं पळीभर तेल आणून, गाडीची इडापिडा टळावी म्हणून मोठ्या भक्तीने इंजिनाच्या ऐन डोक्यावर ओतलं. दाजींची पंचाईत झाली. देवाचं तेल, पुसावं तर अधर्म आणि न पुसावं तर अधर्म. ते शेवटी दोन्ही हात जोडून इंजिनाला म्हणाले, ‘उद्यापर्यंत राहा.’ दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख असूनही त्यांनी मुदतीचा अर्ज पाठवला.

तर अशी ती गाडी आणि असे आमचे दाजी. ही गाडी ते विकतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कुसुम इंटर सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि मुंबईच्या मेडिकल कॉलेजात तिला जागा मिळाली. पत्र आलं त्या दिवशी ताईने शिरा केला. जेवताना दाजींनी शिरा दोनदा मागून घेतला, मग हात धुऊन शेडमध्ये गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यांच्या वकिलीत मुंबईचं शिक्षण आणि वसतिगृह बसणारं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडाने म्हणायला कुणी धजत नव्हतं. दाजी शेडमधून बाहेर पडले ते सरळ मेहबूबभाईंकडेच गेले. मला मेहबूबभाईंनीच सांगितलं. दारात उभे राहून दाजी एवढंच म्हणाले होते, की गिऱ्हाईक बघा, जूनच्या आत गाडी गेली पाहिजे. मेहबूबभाईंना वाटलं की उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणून त्यांनी आधी पाणी प्यायला दिलं.

लढाईनंतर मोटारी मिळत नव्हत्या. जुनी गाडी कुणीही डोळे झाकून घेईल असा मेहबूबभाईंचा अंदाज होता, आणि खरंच आठवड्याभरात तीन गिऱ्हाइकं आली. पहिला आला एक कापडाचा व्यापारी. त्याने गाडी बाहेरून बघितली, आत बसून बघितलं, बॉनेट उघडलं, आणि त्याचं तोंड एकदम बारीक झालं. ‘विचार करून कळवतो,’ म्हणाला, तो गेला तो गेलाच. दुसऱ्याचंही तेच. कुणाला काही कळेना. दाजींचा कयास असा, की एवढी चांगली वस्तू आपल्या ऐपतीची नाही असं त्यांना वाटत असावं. मीही मान डोलावली. काय करणार?

तिसरे आले ते कोपरगावकडचे एक ऊसवाले पाटील. उंचेपुरे, फेटा बांधलेले, मनात एक आणि ओठांत एक असला प्रकार नव्हता. त्यांचा ऊस कारखान्याला जायचा, शेतं चार ठिकाणी पसरलेली, त्यांना गाडीची निकड होती. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं, पुन्हा बाहेरचा धुळकट पत्रा बघितला, पुन्हा आत बघितलं, आणि एक बोट इंजिनाच्या मागच्या खाचेत घालून बाहेर काढलं. बोट स्वच्छ. तसं त्यांनी बॉनेट हळूच खाली ठेवलं आणि अगदी आदराने म्हणाले, ‘वकीलसाहेब, राग मानू नका. आमी बैलबाजारात वाढलेली मानसं. म्हातारा बैल इकायचा आसला की आदल्या दिशी त्याची शिंगं साळत्यात, तेल चोपडत्यात, पार नवरदेव करत्यात. तुमी तर बाहेरनं बैल मळका ठिवला आन पोट तेवढं धुतलं. म्हंजी दुखनं पोटातच हाय. काय झाकलंय त्येवढं सांगा, मी घेतो गाडी.’

जो माणूस आयुष्यभर खोट्या पक्षकाराला ओट्यावरून परत पाठवत आला त्याला त्याच्याच दारात कुणी लबाड म्हटलं होतं, आणि तेही कशावरून, तर इंजिन स्वच्छ आहे यावरून! मी मध्ये पडून पाटलांना समजवायला गेलो, की अहो, हे दर रविवारी पुसतात, नऊ वर्षं पुसतायत. पाटील मला हसून म्हणाले, की मास्तर, दर रविवारी कोन इंजान पुसतंय व्हय. मला स्वतःलासुद्धा दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पाटील गेले. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेहबूबभाईंनी उपाय काढला. म्हणाले, ‘वकीलसाब, तुमी सच्चे आदमी, पण गाडी लईच साफ हाय. मी गॅरेजमधलं जुनं काळं तेल आणतो, थोडी माती टाकतो, पाच मिनटांत गाडी बाजारात उभी करण्यासारखी होते.’ दाजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मेहबूबभाई दोन पावलं मागे गेले. ‘म्हणजे मी खोटा पुरावा तयार करू?’ दाजी म्हणाले. त्यावरून दोन दिवस घरात खडाजंगी झाली. ताई म्हणाली, पोरीचं कॉलेज महत्त्वाचं की तुमचं तत्त्व? मी म्हणालो, दाजी, माती खरी, तेल खरं, त्यात खोटं काय आलं? कुसुम एका कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली की मी नाही जात मुंबईला, इथेच शिकवण्या करीन. एवढं बोलून ती उठली आणि मोरीवर जाऊन तोंड धुऊ लागली. बराच वेळ धूत होती. दाजींनी ते ऐकलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘घाण करायची नाही. पण होऊ द्यायला हरकत नाही. गाडी आहे, चालवू. पुसायची नाही.’

आणि मंडळी, नऊ वर्षांत जी गाडी शिंगणापूरच्या पलीकडे गेली नव्हती ती त्या वैशाखात हिंडायला लागली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, ते जेवढं मिळे तेवढं दाजींनी सगळं जाळलं. कोर्टात गाडीने, बाजारात गाडीने, मला शाळेत सोडायला गाडीने. रविवार उजाडला की दाजींचे हात आपोआप शेडकडे वळायचे, मग ते दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून ओट्यावर येरझारा घालत. ताईला त्यांची दया येऊन तिने त्यांच्यापुढे घरातली सगळी पितळी भांडी आणि चिंच आणून ठेवली. दाजींनी ती मुकाट्याने घासून दिली, पण त्यांचा जीव त्यात नव्हता. समईला दोन काळे डाग तसेच राहिले.

सगळ्यात लांब आम्ही गेलो ते खर्ड्याला. तिकडच्या एका पक्षकाराच्या जमिनीची पाहणी करायची होती, निदान सांगायला तरी तसं होतं. जामखेडच्या पुढे रस्ता कसला, नुसता घोटाभर फुफाटा! एरवी मेंढरं दिसली की थांबणारे दाजी त्या दिवशी एका ट्रकच्या मागोमाग, त्याची सगळी धूळ खात, गाडी हाकत राहिले. खर्ड्याच्या किल्ल्याच्या सावलीला गाडी उभी केली आणि पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांनी बॉनेट उघडलं. आत सगळं भगवं-करडं झालेलं. नळी कुठे आणि बोल्ट कुठे काही उमजेना. मागच्या बाजूला एका बोल्टपाशी धुळीचा ओला गोळा धरला होता; तिथून बारीक तेल झिरपायला लागलं होतं. दाजींनी पाना काढून बोल्ट आवळला, पण तो गोळा मात्र तसाच राहू दिला. मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ किल्ल्याच्या बुरुजाकडे बघत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एवढा एकच नाद केलेला माणूस, आणि तोही त्याला आपल्या हाताने मोडायला लागावा. मी म्हणालो, दाजी, परत जाऊ या, दुसरं काहीतरी बघू. ते म्हणाले, ‘नको. अजून पुरेशी झालेली नाही.’

ज्येष्ठ लागला तसे मेहबूबभाई पाटलांना पुन्हा घेऊन आले. पाटलांनी बॉनेट उघडलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, की आता कशी कामाची गाडी वाटती. सौदा होणार असं दिसताच आमचे दाजी पुढे झाले. मला वाटलं, झालं, आता हे घोटाळा करतात. आणि केलाच त्यांनी. म्हणाले, ‘पाटील, ही घाण एका महिन्याची आहे. त्याआधी नऊ वर्षं मी ही गाडी दर रविवारी पुसली आहे. तुम्ही तेव्हा बघितलं ते खरं होतं. शिवाय मागचा एक बोल्ट झिरपतो, तो मी आवळलाय, पण लक्ष ठेवा.’ पाटलांनी पहिलं काही मनावर घेतलं नाही. पण बोल्टचं ऐकून मात्र ते एकदम खूश झाले. म्हणाले, की खोड सांगणारा मालक आज पहिल्यांदा बघितला. आणि गाडी घेऊन गेले. चारच दिवसांनी कुसुम मुंबईला गेली. शेडमध्ये घासलेटची वाटी, ब्रश आणि पिसं तेवढी राहिली, ती ताईने दाजी घरात नसताना कुठेतरी ठेवून दिली.

खरी कसोटी पुढेच होती. पावसाळा सरत आला आणि कुसुमची पत्रं यायला लागली. आधी आठवड्याला एक, मग दोन, तीन. तिथे पहिल्या वर्षी प्रेत फाडून शिकावं लागतं. त्या दालनातला वास अंगाला चिकटतो, हात दहा-दहा वेळा साबणाने धुतले तरी जात नाही, जेवण जात नाही, बरोबरच्या मुली हसतात. शेवटच्या पत्रात तिने स्पष्टच लिहिलं, की हे माझ्याच्याने होणार नाही, मला घाण सहन होत नाही, अण्णांना, म्हणजे दाजींना, सांगा, मी दिवाळीला येते ती कायमची. ताई म्हणाली, बोलवून घ्या पोरीला, हाल करू नका. दाजींनी पत्र चार दिवस कोटाच्या खिशात बाळगलं. उत्तर लिहायला बसत, दौत उघडत आणि पुन्हा मिटवत. मला एकदा म्हणाले, ‘तिला काय लिहू मास्तर? कोपरापर्यंत हात धुवायला मीच लावले ना? तिची चूक नाही ही. माझी आहे.’ एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

पाचव्या दिवशी पाटील कोर्टाच्या कामाने नगरला आले, आणि जाताना गुळाची ढेप घेऊन आमच्याकडे डोकावले. दारात गाडी उभी. मी तर ओळखलीच नाही. चाकांपासून टपापर्यंत चिखल, एक दिवा फुटलेला, मागच्या सीटवर गवत. पाटील म्हणाले, आवाज थोडा बदललाय, वकीलसाहेब, जरा कान द्या. दाजींनी बॉनेट उघडलं. आत उसाचं पाचट, वाळलेला चिखल, कुणाच्या तरी बिडीचं थोटूक. मी दाजींच्या तोंडाकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत होतो. दाजींनी शांतपणे विचारलं, एवढं कुठे कुठे नेता गाडीला?

पाटील ओट्यावर बसून सांगत सुटले. भादव्यात गोदावरीला पूर होता, तेव्हा शेतावरच्या एका गड्याची बायको बाळंतपणात अडली. बैलगाडी चिखलात निघेना. मग ह्याच गाडीत घालून कोपरगावला नेली. दोनदा गाडी रुतली, चौघांनी खांदे लावून काढली. ‘पोचलो येकदाचं,’ पाटील म्हणाले, ‘तर डाक्टर पुरुष. म्हातारी सासू हात लावू देईना. तासभर त्येच भांडान. गाडीनं वाचवलेला येळ तितं ग्येला. नशीब म्हना, दोगंबी वाचली. पर बाई डाक्टर आसती तर म्हातारी कशाला आडून बसली आसती?’

दाजींचा हात इंजिनाकडे गेला होता. मला वाटलं, आता हे पाचट काढणार, फडकं मागणार. पण हात तसाच थांबला. त्यांनी पाटलांच्या ड्रायव्हरला इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटून आवाज ऐकला, एक प्लग बदलायला हवा म्हणाले, आणि आहे तशी घाण आत ठेवून बॉनेट लावून टाकलं. पाटील गेल्यावर ते ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, ‘नऊ वर्षं माझ्याकडे होती रे. कुणाच्या कामाला आली नाही.’

त्या संध्याकाळी त्यांनी कुसुमला कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. कार्ड म्हणजे वाचायचंच, ते मी वाचलं. ‘चि. कुसुम हिला अनेक आशीर्वाद. पाटलांची गाडी आज दारात आली होती. फार मळली आहे. एक बाई आणि तिचं मूल तिच्यामुळे वाचलं. बाई डॉक्टर नव्हती म्हणून तिथे तासभर वाया गेला. मी तुला हात धुवायला शिकवलं, मळवायला शिकवायचं राहून गेलं. ते तिथेच शिकून घे. दिवाळीला ये, पण परत जायला म्हणून ये. आईची प्रकृती चांगली आहे.’

कुसुम दिवाळीला आली आणि परत गेली. काही वर्षांनी डॉक्टर झाली, आणि तिने कोपरगावला दवाखाना घातला. तोवर दाजी होते, एवढं देवाने केलं. आज ते नाहीत. दवाखान्याच्या पहिल्या दिवशी ताई, दाजी आणि मी असे तिघेही गेलो होतो. त्या दिवशी भरपूर पाऊस झाला होता. शेतातून बायका येत होत्या, कडेवर पोरं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, आणि नव्या कोऱ्या फरशीवरून तशाच आत जात होत्या. दाजी दारातल्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होते. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकीला दार उघडून दिलं, आणि पाय पुसा म्हणून एकीलाही म्हणाले नाहीत.